कुत्र्या-मांजराचा विमा : परवडणारा आणि उपयोगी पडणारा

(जरीपटका, नागपूर येथे पशुपालकांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गाईचा विमा, म्हशीचा विमा, शेळीचा विमा हे शब्द आपल्याला नवे नाहीत. कर्जावर जनावर घेतले की बँक विमा उतरवायला लावतेच. कुत्र्याचा विमा म्हटले की मात्र बैठकीत हसू पिकते. ‘घरच्या माणसांचा विमा भरता भरता नाकी नऊ येतात, त्यात कुत्र्याचा कुठून भरायचा?’ असे मला अनेकदा विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आज विमा घ्याच असे मी सांगणार नाही. कोणी घ्यावा, कशाचा घ्यावा आणि कोणी तेवढेच पैसे बाजूला टाकून निभावून न्यावे, एवढे सांगणार आहे.

जरीपटक्यात हा विषय बोलण्याचे एक कारण आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली, वस्ती वाढली, बाजारपेठ झाली. शेजारचे नारा आणि नारी ही एके काळची शेतीची गावे. तेथील वावरांचे आता लेआउट झाले. त्यामुळे या भागात एकाच घरात दोन तऱ्हेचे कुत्रे दिसतात. मुलगा येथे फ्लॅटमध्ये लॅब्राडोर पाळतो आणि वडिलांकडे कामठी, मौदा, पारशिवनीकडच्या शेतावर गावठी कुत्रा राखण करतो. शिवाय धान्याच्या कोठीत मांजर असतेच. या तिघांची जोखीम वेगळी, औषधपाण्याचा खर्च वेगळा आणि विम्याची गरजही वेगळी. एकाला लागू पडणारी पॉलिसी दुसऱ्याला उपयोगी पडेलच असे नाही.

कुत्र्याचा विमा ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. स्वीडनमध्ये घोड्यांच्या आणि गुरांच्या विम्यातून कुत्र्यांचा विमा निघाला, त्याला शंभर वर्षे झाली. आपल्याकडे १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया व नॅशनल या चार सरकारी कंपन्या राहिल्या. त्यांच्या ग्रामीण विम्याच्या यादीत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या यांच्या जोडीला कुत्राही होता. पण तो विकायला कोणी फारसे गेले नाही आणि मागायलाही कोणी आले नाही. २०२० मध्ये त्या वेळच्या बजाज आलियान्झ कंपनीने कुत्र्यांसाठी नव्या धर्तीची पॉलिसी काढली. तीत शस्त्रक्रियेचा व दवाखान्यात भरती करण्याचा खर्च हा मूळ भाग ठेवून मृत्यू, चोरी, दुसऱ्याचे नुकसान असे भाग ऐच्छिक केले. पुढे इतर खासगी कंपन्याही आल्या आणि मांजरांसाठीही पॉलिसी निघाल्या. जुन्या सरकारी पॉलिसीचा भर जनावर मेल्यास त्याची किंमत देण्यावर होता. नव्या पॉलिसींचा भर उपचाराच्या खर्चावर आहे. निवड करताना हा फरक पहिल्यांदा लक्षात घ्यावा.

येथे एक गैरसमज दूर करतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये बदल होऊन विमा हप्त्यातील पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आला आणि उरलेला भार केंद्र व राज्य शासन उचलते. ही सवलत पशुधनासाठी आहे, कुत्र्या-मांजरासाठी नाही. कुत्र्याचा पूर्ण हप्ता, वर वस्तू व सेवा करासह, आपल्याच खिशातून जातो. म्हणून ज्याने अजून दुभत्या गाई-म्हशींचा विमा उतरवलेला नाही, त्याने आधी तो उतरवावा. घरात दूध आणि पैसा त्यांच्यापासून येतो.

विमा कशाचा उतरवायचा?

विमा कुत्र्याच्या किमतीचा नव्हे, तर आपल्याला न पेलणाऱ्या खर्चाचा घ्यायचा असतो. ही गोष्ट नीट समजली तर अर्धी निवड तेथेच झाली.

गावठी कुत्र्याचे उदाहरण घ्या. तो कोणी विकत घेतलेला नसतो. मृत्यूच्या भागात कंपनी विमा रक्कम किंवा बाजारभाव यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देते. गावठी कुत्र्याचा बाजारभाव कंपनी काय धरणार? तुमच्या लेखी तो लाखमोलाचा असेल, रात्री तो भुंकला म्हणून मोटारपंपाची केबल वाचली असेल, पण खरेदीची पावती नाही आणि वंशावळीचा दाखलाही नाही. अशा कुत्र्यासाठी मृत्यूचा भाग घेऊन हप्ता वाढवण्यात काही हशील नाही. उलट वीस हजारांना आणलेल्या जातिवंत पिल्लाचा विचार करा. समजा मृत्यूच्या भागाचा दर शेकडा ५ रुपये आहे. म्हणजे वर्षाला १,००० रुपये झाले. आठ वर्षे भरले तर ८,००० रुपये. आणि आठव्या वर्षी त्या कुत्र्याचा बाजारभाव वीस हजार राहिलेला नसतो. पिल्लाच्या पहिल्या एक-दोन वर्षांपुरता हा भाग घ्यावा आणि पुढे सोडून द्यावा, असे माझे मत आहे.

आता न पेलणारे खर्च कोणते ते पाहू. आपल्या भागात कुत्र्यावर अचानक मोठा खर्च ओढवतो तो ठरावीक कारणांनी. कामठी रोडसारख्या रहदारीच्या रस्त्यावर गाडीची धडक बसून हाड मोडते. पावसाळ्यात शेतावर घोणस, नाग किंवा मण्यार चावतो. कुत्रा सापाला हुंगायला जातो आणि दंश तोंडावर होतो. त्याला माणसाचेच बहुगुणी प्रतिविष द्यावे लागते. एका कुपीवर भागत नाही आणि खर्च भराभर वाढतो. कपाशीवर फवारणी चालू असताना औषध कालवलेल्या बादलीत कुत्रा तोंड घालतो. पिल्लांना पार्व्होचा आजार होऊन रक्ताची हगवण लागते आणि चार-पाच दिवस सलाईनवर ठेवावे लागते. गोचीड ताप होतो. वयात आलेल्या, नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की थंड मुलखातल्या, लांब केसांच्या जातींना उष्माघात होतो. हस्की जातीचे कुत्रे नागपुरात का पाळतात हे कोडे मला तरी उलगडलेले नाही. ज्याने पाळला आहे त्याने विम्याआधी कूलरची सोय करावी.

यांतले किती विम्यावाचून टळते तेही पाहावे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना संयुक्त लसीची पहिली मात्रा द्यावी. त्यानंतर साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या मात्रा द्याव्यात. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी आणि पुढे दरवर्षी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती चालू ठेवावी. एवढे केले की पार्व्हो, डिस्टेंपर यांची भीती बरीच कमी होते. मादीची नसबंदी केली की गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच मिटतो. गोचीड प्रतिबंधक औषध वेळेवर लावावे. पैसा थोडा असेल तर तो आधी या कामी लागावा आणि उरला तर विम्याला. शिवाय ही लसीकरणे केली नसतील तर त्याच रोगांचा दावा कंपनी मान्य करत नाही. रेबीज, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस, पार्व्हो हे रोग ‘लस टोचली असल्यासच’ या अटीखाली असतात.

राखणीचा कुत्रा आणि दुसऱ्याचे नुकसान

शेतावरच्या कुत्र्याची सर्वांत मोठी जोखीम कोणती असे विचारले तर बहुतेक जण सर्पदंश किंवा बिबट्या सांगतील. माझे उत्तर वेगळे आहे. तो कोणाला चावला तर, ही खरी जोखीम आहे.

ट्रॅक्टरचा थर्ड पार्टी विमा आपण का काढतो? ट्रॅक्टर मोडला तर नुकसान ट्रॅक्टरएवढेच असते. पण ट्रॅक्टरखाली माणूस सापडला तर नुकसानीला सीमा राहत नाही. कुत्र्याचेही तसेच आहे. तो मेला तर दुःख होईल, पण घर बुडणार नाही. धुऱ्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलाच्या तोंडाला तो चावला, टाके पडले, पुढे प्लास्टिक सर्जरी करावी लागली, तर तो खर्च कोणाकडे मागितला जाईल? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही शिक्षा कोणताही विमा भरून देत नाही. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा चालतो आणि विमा उपयोगी पडतो तो त्या भरपाईसाठी.

म्हणून राखणीच्या गावठी कुत्र्यासाठी ‘दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी’ हा भाग मी सर्वांत आधी पाहीन. मात्र तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, या भागाची कमाल रक्कम किती? दुसरी, कोण धरले आहे आणि कोण वगळले आहे? घरची माणसे आणि नोकर सहसा वगळलेले असतात. म्हणजे तुमच्या सालगड्याला कुत्रा चावला तर हा विमा उपयोगी पडणार नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काही पॉलिसी केवळ घरी हौसेने पाळलेल्या कुत्र्यापुरत्या असतात. पोल्ट्री शेड, गोदाम, फळबाग यांच्या राखणीसाठी ठेवलेला कुत्रा त्यांत बसत नाही. प्रस्ताव अर्जात कुत्र्याचा उपयोग विचारलेला असतो. तेथे एजंट सवयीने ‘घरगुती’ लिहून मोकळा होतो आणि आपण सही करतो. पुढे दावा आला की कंपनी चौकशी करते, कुत्रा शेडवर बांधलेला आढळतो आणि दावा फेटाळला जातो. अर्ज स्वतः वाचून ‘शेतावर राखणीसाठी’ असे स्वच्छ लिहावे. त्यामुळे एखाद्या कंपनीने नकार दिला तर देऊ द्या. हप्ता भरून झाल्यावर मिळालेल्या नकारापेक्षा तो स्वस्त आहे.

कुत्र्याचा मालक कोण, हा प्रश्नही आपल्याकडे सरळ नसतो. भाकरीचा तुकडा घालतो म्हणून तो आपला झाला का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मोकाट कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ते रीतसर दत्तक घ्यावेत व महापालिकेकडे नोंदवावेत असे म्हटले होते. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली. वादात न पडता आपण एवढे करावे की ज्या कुत्र्याचा विमा काढायचा त्याची मालकी कागदावर आणावी. शहर हद्दीत महापालिकेची नोंदणी करावी. गावात निदान लसीकरण कार्डावर मालक म्हणून आपले नाव, कुत्र्याचे वर्णन आणि पशुवैद्यकाचा सही-शिक्का असावा.

हे सगळे कागदाचे बोलणे झाले. प्रत्यक्ष कुत्रा चावल्यास विम्याचा विचार नंतर करावा. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. चुना, हळद, मिरची असले काही लावू नये. रेबीज एकदा अंगात उठला की वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

हप्ता कमी, पण हातात किती येणार?

स्वस्त पॉलिसी म्हणजे कमी हप्त्याची पॉलिसी, असा हिशेब आपण करतो. तो अपुरा आहे. एक उदाहरण मांडतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

समजा विमा रक्कम ४०,००० रुपये आहे. कुत्र्याचा पाय मोडला, शस्त्रक्रियेचे बिल २८,००० रुपये झाले. आपल्याला वाटते की २८,००० मिळणार, कारण विमा ४०,००० चा आहे. पण आतल्या पानावर लिहिलेले असते की एका शस्त्रक्रियेस कमाल २०,००० रुपये. म्हणजे ८,००० तेथेच गेले. शिवाय मंजूर रकमेच्या १० टक्के पशुपालकाने सोसायचे, म्हणजे आणखी २,००० गेले. हातात १८,००० रुपये आले आणि खिशातून १०,००० गेले. नंतरच्या पट्ट्या, फेरतपासणी, गोळ्या बाह्यरुग्ण विभागात धरल्या जातात आणि तो भाग आपण घेतलेला नसेल तर तेही पैसे आपलेच. दुसऱ्या कंपनीचा हप्ता पाचशे रुपयांनी जास्त असेल, पण एका शस्त्रक्रियेची मर्यादा नसेल, तर तीच पॉलिसी स्वस्त ठरते.

म्हणून एजंटला ‘हप्ता किती?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘माझ्या कुत्र्याचा पाय मोडून २८,००० खर्च आला तर मला नेमके किती मिळतील, ते या कागदावर मांडून दाखवा,’ असे म्हणावे. जो मांडून दाखवील त्याच्याशी पुढे बोलावे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले ग्राहक माहितीपत्रक द्यावयाचे असते. त्यात काय मिळते, काय मिळत नाही, किती रक्कम आपण सोसायची आणि दावा कसा करायचा हे असते. ते मागून घ्यावे आणि वाचावे. माझ्या अनुभवात पहिले पान सगळेच वाचतात. ‘अपवाद’ हे शीर्षक असलेले पान मात्र कोणी उघडत नाही, आणि दावे बुडतात ते त्याच पानावर.

त्या पानावर साधारण पुढील गोष्टी सापडतात. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार धरत नाहीत. आजाराच्या दाव्याला सुरुवातीचे काही दिवस, पुष्कळदा १५ ते ३०, प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे कुत्रे आजारी पडल्यावर विमा काढून उपयोग नाही. विणे, गाभण काळातील तक्रारी, कान-शेपूट कापणे हे वगळलेले असते. जाणूनबुजून घातलेले विष वगळलेले असते, आणि अपघाताने झालेली विषबाधा धरली आहे की नाही ते विचारावे लागते. आपल्या कापूस-संत्र्याच्या पट्ट्यात हा प्रश्न मोलाचा आहे. वयाची अटही पाहावी. पिल्लू अमुक महिन्यांचे झाल्याशिवाय विमा मिळत नाही आणि म्हातारपणी नव्याने कोणी विमा देत नाही. सातव्या-आठव्या वर्षानंतर पहिल्यांदा विमा काढायला निघालेल्यास बहुतेक दारे बंद असतात.

बिल्ल्याऐवजी काय?

गाईच्या कानात बिल्ला नसेल तर दावा नाही, हे आपल्याला पाठ आहे. कुत्र्याच्या कानात बिल्ला नसतो. मग मेलेला किंवा जखमी झालेला कुत्रा तोच, हे कंपनी कशावरून मानणार? सर्वांत खात्रीची खूण म्हणजे मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्यक सुईने दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतो. यंत्र फिरवले की तिचा १५ आकडी क्रमांक दिसतो. काही कंपन्या चिप असल्यास हप्त्यात सवलत देतात. चिप परवडत नसेल तर कुत्र्याचे समोरून व दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, अंगावरचे ठिपके, जुने व्रण, कानाचा चिरा यांची नोंद पशुवैद्यकाकडून करून घ्यावी आणि ते सर्व प्रस्तावासोबत जोडावे.

लसीकरण कार्ड हा दुसरा कागद. मध्यंतरी एका पशुपालकाचा दावा केवळ यासाठी अडकला की रेबीजच्या लसीची पुढची तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. कुत्रा गाडीखाली सापडला होता. रेबीजचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. पण ‘सर्व लसी चालू असल्या पाहिजेत’ अशी अट त्या पॉलिसीत सरसकट होती. अट अन्यायाची वाटली तरी सही आपली होती. पोळा, दिवाळी जशी लक्षात राहते तशी लसीची तारीख लक्षात राहील अशी युक्ती करावी. पोळ्याच्या आठवड्यात ढोरांबरोबर कुत्र्याचेही कार्ड काढून पाहिले तरी पुरे.

मांजराचे काय?

मांजर हे विम्याच्या दृष्टीने अवघड जनावर आहे. ते चार घरी दूध पिते, रात्रभर फिरते आणि आठ-आठ दिवस गायब होते. हरवण्या-पळण्याचा भाग अशा मांजरासाठी कंपनीला नको असतो आणि आपल्यालाही तो महागच पडतो. फ्लॅटमध्ये बंद दारात राहणारे, विकत घेतलेले पर्शियन मांजर असेल आणि त्याच्या उपचारासाठी शहरातील खासगी दवाखान्याशिवाय पर्याय नसेल, तर मांजराची पॉलिसी पाहावी. कोठीवरच्या मांजरासाठी मात्र मी विमा सुचवणार नाही. त्याची रेबीजची व मांजरांच्या संयुक्त रोगांची लस द्यावी, नसबंदी करावी आणि उंदरांचे विष ठेवताना काळजी घ्यावी. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की मांजरही जाते. ज्या घरात मांजर चांगले काम करते, तेथे विषाच्या गोळ्या ठेवण्याची गरजच काय, हाही प्रश्न आहे.

विम्याऐवजी डबा

आता ज्यांना विमा घ्यायचा नाही त्यांच्यासाठी. दरमहा ३०० रुपये वेगळ्या खात्यात टाकले तर वर्षाला ३,६०० रुपये होतात आणि तीन वर्षांत १०,८०० होतात, व्याज वेगळे. कुत्रा निरोगी राहिला तर पैसे आपलेच. या डब्याची कमतरता अशी की पहिल्या सहा महिन्यांत सर्पदंश झाला तर त्यात अवघे १,८०० रुपये असतात. विम्यात प्रतीक्षा काळ संपला की पहिल्याच वर्षी पूर्ण रक्कम हाताशी असते. म्हणून माझी सूचना अशी की पिल्लाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मोठ्या शस्त्रक्रियेचा व दुसऱ्याच्या नुकसानीचा एवढाच आटोपशीर विमा घ्यावा आणि सोबत शंभर-दीडशे रुपयांचा डबा चालू ठेवावा. डबा भरला की उपचाराच्या विम्याची गरज कमी होते. दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग मात्र कुत्रा जिवंत असेतो ठेवावा.

उपचार कोठे घेता यावरही गणित अवलंबून आहे. सेमिनरी हिल्स येथे नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे. पूर्वी ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात होते, २००० साली महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरात झाले तेव्हा त्यात गेले. तेथील दवाखान्यात लहान प्राण्यांवर उपचार होतात आणि खासगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो. रांगेत उभे राहावे लागते हे खरे. जरीपटक्याहून तेथे वेळेत पोहोचू शकणाऱ्याला मोठ्या रकमेची पॉलिसी लागत नाही. मौद्यापलीकडच्या शेतावरून रात्री अकरा वाजता कुत्रा आणायचा तर मिळेल तो खासगी दवाखाना गाठावा लागतो, आणि विम्याची किंमत तेव्हा कळते.

श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन

एका बंधूंनी विचारले की शेतावर चार कुत्रे आहेत, चौघांचा विमा काढावा काय? उपचाराचा विमा चौघांचा काढणे परवडणार नाही. चौघांना रेबीजची लस मात्र द्यावी. दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग घेताना मात्र एकाच कुत्र्याचा घेऊन भागत नाही. चावलेला कुत्रा विम्यातलाच होता हे सिद्ध करावे लागते. शेतातून वाट जात असेल आणि चौघेही मोकळे फिरत असतील, तर दोघांची चांगली सोय लावून दोनच ठेवावेत, हे विम्यापेक्षा स्वस्त पडेल.

दुसरा प्रश्न एका भगिनीचा होता. कंपनीने दावा अडवून ठेवला तर कोणाकडे जायचे? घटना घडली की लगेच, शक्यतो त्याच दिवशी, कंपनीला कळवावे आणि कळवल्याचा पुरावा ठेवावा. कुत्रा दगावल्यास फोटो काढावेत, पशुवैद्यकाचा दाखला व सांगितल्यास शवविच्छेदन अहवाल घ्यावा, आणि कंपनीला विचारल्याशिवाय पुरू नये. असाध्य आजारात वेदना थांबवण्यासाठी कुत्र्याला मरण द्यायचे असेल तर कंपनीला आधी कळवून पशुवैद्यकाचा लेखी सल्ला घ्यावा. बिले मूळ स्वरूपात द्यावीत, झेरॉक्स आपल्याकडे ठेवावी. तरीही अडचण आली तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. विमा नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा फोन क्रमांकही आहे. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. तेथे फी पडत नाही आणि वकील लावावा लागत नाही. पॉलिसी, लसीकरण कार्ड, बिले, कंपनीचे नकाराचे पत्र आणि आपल्या तक्रारीची पोच एवढे कागद एका फाइलमध्ये लावून न्यावेत.